माल की माणसं

गिऱ्हाईक दुकानात शिरलं की पाणी विचारायच्या आधी मी त्याला एकच गोष्ट विचारत असे, "माल का माणसं?" बहुतेक जण म्हणत, "दोन्ही." मग मी पाणी विचारायचो, कारण हा माणूस आता बराच वेळ बसणार हे कळलेलं असायचं.

पांढुर्ण्याला स्टेशनकडून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं गाड्यांची बॉडी बांधायचं दुकान होतं. ऐंशी सालानंतरची आठ-दहा वर्षं ते जोरात चाललं. बॉडी बांधणं म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला सांगायला हवं, कारण आज गाडी शोरूममधून काचा चढवून, अत्तर लावून निघते. तेव्हा आमच्याकडे यायची ती नुसती चासी. लोखंडाचा सांगाडा, चार चाकं, पुढे इंजिन, आणि ड्रायव्हरला बसायला संत्र्याची उपडी पेटी. लष्कराच्या लिलावात सुटलेल्या जुन्या जीपा नागपूरकडून येत. त्यांचं अंग गंजून गेलेलं असे, पण हाडं पक्की असत. ते अंग उतरवून फेकायचं आणि त्याच हाडांवर दुसरं चढवायचं, हा माझा धंदा. कोणतं चढवायचं, एवढंच गिऱ्हाइकाने ठरवायचं होतं, आणि नेमकं तेच त्याला ठरवता येत नसे.

एक म्हणजे जीप. आखूड, उंच, चारही चाकांना इंजिनाचा जोर. मागे समोरासमोर दोन बाकं आणि वर ताडपत्रीचं हूड. चिखलातून, वाळूतून, नाल्यातून ती बकरीसारखी निघायची. दुसरी म्हणजे पिकअप. पुढे दोघा-तिघांची केबिन आणि मागे लांब उघडा डाला, त्यात काय वाटेल ते भरा. डाल्यासाठी जीपची चासी पुरत नसे. ती मधोमध कापायची, तुकडा जोडायचा आणि लांब करायची. एकदा कापली की कापली. लांब झालेली गाडी नाल्याची दरड चढायला लागली की तिचं बूड मागे जमिनीला टेकतं, मग चारही चाकांचा जोर असून उपयोग काय? म्हणून डाला घेणाऱ्याने नाल्याची आशा सोडायची आणि जीप घेणाऱ्याने संत्र्याची. हे मी प्रत्येकाला सांगत असे आणि प्रत्येक जण मान डोलवून पुन्हा "दोन्ही" म्हणत असे.

आमचा बाप सुतार होता. त्याच्याकडे मोटारी नव्हत्या, बैलगाड्या होत्या, पण प्रश्न हाच होता. "बंडी का दमणी?" बंडी ओझ्याची, दमणी माणसांची. दमणी हलकी, नक्षीची, पळत्या बैलांची. पोरगी सासरहून आणायला दमणी जायची आणि अख्खं गाव दारात येऊन पाहायचं. लाकडाला आरी लावायच्या आधी घरच्या वडील माणसाने आपल्या हाताने खडूची रेघ ओढायची, हा बापाचा नियम होता. रेघ वाकडी आली तरी चालेल, कापणारा सरळ कापेल, पण ओढायची त्यानेच. म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की सुताराने आमच्या गळ्यात मारलं. मी लोखंडावरही तो नियम चालवला. चासी कापायच्या आधी मालकाच्या हातात खडू द्यायचो. भलेभले त्या वेळी घाम पुसत असत.

मी काही निःपक्षपाती नव्हतो. हूड म्हणजे ताडपत्री आणि नळ्या, त्यात सुताराच्या पोराला काय रस? डाला म्हणजे लाकूड. सागाच्या फळ्या, बाभळीचे आडवे ओंडके, मागचा फाळका उघडताना होणारा तो आवाज. माझे डाले मी लांबून आवाजावरून ओळखत असे. बायको म्हणायची, पोरांचे आवाज ओळखत नाही, फाळक्यांचे ओळखतो. खोटं बोलत नव्हती.

"दोन्ही" म्हणणाऱ्यांपैकी एकाचं मी ऐकलंही. मंगळवारी-शनिवारी त्याला जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला माणसं न्यायची होती आणि बाकीच्या दिवशी माल. मी त्याला डाला बांधून दिला आणि आत काढता-घालता येणारी बाकं केली. स्वतःवर फार खूश होतो. शुक्रवारी त्याने लाल मिरच्या वाहिल्या आणि शनिवारी डाला न धुता भाविक भरले. सगळी गाडी शिंकत, नाकं पुसत, डोळ्यांतून घळाघळा पाणी काढत देवळात पोचली. आधीच रांगेत उभे असलेले लोक हात जोडून बाजूला झाले, म्हणाले, काय भक्ती आहे, यांना आधी जाऊ द्या. पुढच्या आठवड्यात तो माणूस माझ्याकडे तक्रार घेऊन आला नाही, मिठाई घेऊन आला.

लक्ष्मणभाऊंनी मात्र एका दमात उत्तर दिलं होतं. बौद्ध मोहल्ल्यातले, बापाने आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबून काढलेलं, आणि तीन भावांनी मिळून ही पहिली गाडी घेतलेली. मी म्हणालो, "जीप घ्या, ऐट राहीन." ते म्हणाले, "मिस्त्री, जीपीत घर बसते, डाल्यात मोहल्ला बसते. दसऱ्याले नागपूरले जाचं हाय आमाले." त्या दसऱ्याला पांढरी लुगडी, पांढरे सदरे भरलेला तो डाला माझ्या दुकानावरून गेला. बाया गाणी म्हणत होत्या. लक्ष्मणभाऊंनी मुद्दाम दुकानासमोर गाडी हळू केली आणि हॉर्न दिला. मी हातातला रंधा तसाच धरून रस्त्यावर उभा होतो.

आता दौलतरावांचं सांगतो. त्यांच्यासाठीच खरं तर हे लिहायला बसलो.

दौलतराव आणि शामराव हे सख्खे भाऊ. रामाकोन्याच्या पुढे, नाल्यापलीकडे त्यांचं गाव. संत्र्याची बाग, थोडी कपाशी. नाल्यावर पूल नव्हता. उन्हाळ्यात नाला म्हणजे नुसती वाळू आणि गोटे, पावसाळ्यात तो कधी चढेल ते देवाला ठाऊक. मोठे दौलतराव उंच, कोरडे, मोजकं बोलणारे. शामराव बोलघेवडे. हिवाळा सरता सरता ते लिलावातली चासी ट्रकवर टाकून घेऊन आले. मी नेहमीचं विचारलं, "माल का माणसं?"

"माल," शामराव म्हणाले.

"माणसं," दौलतराव म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही, त्यावरून हे भांडण जुनं आहे हे मला कळलं. चासी उतरवून घेतली, चहा झाला. दौलतराव जाताना म्हणाले, "हूड टाका, मिस्त्री. आखूडच राहू द्या." शामराव मागे रेंगाळले आणि म्हणाले, "घाई नका करू."

शामरावांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्यांचं संत्रं बंडीने बाजारात यायचं. गोट्यांवरून, चाकोऱ्यांतून दिवसभर आदळत आलेलं फळ खालच्या थरात दबून जायचं आणि व्यापारी पहिलीच पेटी उघडून तोंड फिरवायचा. "झाडावर सोनं अन् बाजारात शेन," शामराव म्हणाले. कोरड्या नाल्याची दरड खणून उतरती करायची, मग लांब डाला, खाली तणसाचा, म्हणजे पेंढ्याचा, जाड थर, वर पेट्या, आणि सकाळी तोडलेलं फळ दुपारी पांढुर्ण्यात. त्यांनी ते सगळं मनात कितीदा तरी भरून, उतरवून पाहिलेलं होतं.

"मंग दादाले सांगत काहून नाही?" मी विचारलं.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "काय सांगू? संत्र्यासाठी वयनीचं मरण विसर, म्हनू?"

तेव्हा मला त्यांच्याकडून सगळं कळलं. दौलतरावांच्या बायकोला, लग्नाजोगी पोर घरात असताना, उशिरा दुसऱ्यांदा दिवस गेले होते. श्रावणात कळा सुरू झाल्या. तिला बंडीत घालून नाल्यापर्यंत आणलं आणि नाला भरून वाहत होता. पलीकडे सौंसरचा रस्ता दिसत होता. पाणी उतरायची वाट पाहत ती काठावर पळसाखाली बंडीतच गेली, पोटातल्या लेकरासकट. त्याच्या आदल्या वर्षी घरात जीप घ्यायचं बोलणं निघालं होतं आणि दौलतरावच म्हणाले होते, औंदा विहिरीवर इंजिन बसवू, जीप पुढच्या साली पाहू. ते वाक्य तेव्हापासून त्यांनी सोडलं नव्हतं, किंवा त्या वाक्याने त्यांना.

आता पोरगी, मंदा, सौंसरला दिलेली होती. जावई सरकारी नोकरीत कारकून. तिला पहिल्यांदा दिवस गेले होते आणि दिवस भरणार होते पुन्हा श्रावणातच. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आमच्याकडची रीत. सातव्या महिन्यात ओटी भरून पोरीला घरी आणायची. दौलतरावांना तिला आणायची होती, आणि वेळ आली तर नाल्यातून पार नेईल अशी गाडी दारात उभी पाहिजे होती. शामराव म्हणाले, "पोरगी वाचली पायजे, हे मले बी वाटते. मी का दुश्मन हाय तिचा?"

त्यानंतर दौलतराव अधूनमधून एकटेच येत. चासीजवळ उभे राहत. मी त्यांना जीपची ताकद खरी खरी सांगितली. गुडघाभर पाण्यातून ती सहज जाईल. कमरेइतकं असलं तर पंख्याचा पट्टा काढून, एका चालीत, न थांबता न्यावी लागेल. त्यावर पाणी गेलं की गाडी तरंगते, आणि तरंगली की चारही चाकांचा जोर पाण्यात जातो, ओढ नेईल तिकडे जायचं. ते सगळं ऐकून घेत. मग म्हणत, "हूड टाका."

आता वाटेल, टाकून द्यायचं होतं हूड. पण चासी दोघांच्या नावाची होती, आणि धाकटा भाऊ तोंडाने नाही म्हणत नव्हता तरी हो-ही म्हणत नव्हता. एकत्र घर, एकत्र बाग. मी एकाचं ऐकून नळ्या वाकवल्या असत्या तर त्या घरात माझ्या हाताने भिंत घातली गेली असती. शामराव आपल्या तोंडाने डाला म्हणायचे, पण रेघ ओढायला खडू पुढे केला की हात मागे घ्यायचे. "दादा असताना मी नाही," म्हणायचे. चासी तशीच पडून राहिली. उन्हाळा चढला. दुकानात येणारा जाणारा विचारायचा, हिचं काय? मी म्हणायचो, हिचं स्थळ पाहणं चालू आहे.

उन्हाळ्याच्या शेवटी एक दिवस मंदाच आली. सौंसरहून बसने, सोबत काकू, म्हणजे शामरावांची बायको गोदाबाई. दोघे भाऊ दुकानात होतेच. गाडीचं आज काय ते संपवा, असा निरोप मीच धाडला होता आणि तो तिच्याही कानावर गेला होता. मी तिला बसायला स्टूल दिलं. ती बसली नाही. पोटावर पदर सारखा करून तिने चासीभोवती एक फेरी मारली.

"हेच का ते, ज्याच्यात मले नेनार हायेत?"

"हो बाई," मी म्हणालो, "पन अजून आंग चढाचं हाय."

"सावलीत बस, बाई," दौलतराव म्हणाले.

ती बापासमोर जाऊन उभी राहिली. "बाबा, मी येऊन नाही राहिली."

"कुठी?"

"घरी. बाळंतपनाले. सौंसरले दवाखाना हाय, डॉक्टरीनबाई हाय, घरापासून हाकेवर. आईले नाल्यानं अडवलं. तुमी मले दवाखान्याजवळून उचलून त्याच नाल्यापलीकडे काहून नेऊन राहिले?"

दुकानातला हातोडा थांबला. ठोकत मीच होतो.

"म्हून तं जीप घेऊन राहिलो न मी," दौलतराव म्हणाले. "तुह्यासाठीच घेऊन राहिलो."

"म्हंजे आधी मले तिकडे न्याचं, अन् मंग जीपीत घालून इकडे आनाचं?"

मी इतके महिने हूड आणि डाला यांच्यातच फिरत होतो. गाडी कोणती, एवढंच आम्ही तिघे पुरुष विचारत होतो. तिला त्या नाल्यापलीकडे न्यायचंच कशाला, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. रीत म्हटली की ती आमच्याकडे कोणी प्रश्न समजतच नाही. तिच्यासाठी गाडी घेऊ, चासी कापू किंवा न कापू, पण रीत तशीच ठेवू.

दौलतरावांचा आवाज चढला नाही, उलट बसला. "लोक काय म्हनतीन, मंदे? माय नाही म्हून पोरीले माहेर नाही. दौलतच्या पोरीचं पहिलं बाळंतपन सासरी झालं. तुही माय असती तं..." मंदाने खाली पाहिलं.

गोदाबाई आतापर्यंत डोक्यावरचा पदर धरून दारातच उभ्या होत्या. जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, त्या तोंड उघडत नसत. बोलायचं झालं तर दुसऱ्या कोणाला तरी सांगितल्यासारखं बोलत. आताही त्या मंदाकडे पाहूनच बोलल्या, पण रस्त्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "मंदे, बाबाले सांग, पोरगी माहेरी नाही येत तं माहेर पोरीकडे जाईन. तुह्या मायची बाज, शेगडी, गवऱ्या, डिंक-खारीक, दुधाची गाय अन् मी. सव्वा महिना मी तुह्यापाशी राहीन. माहेर म्हंजे घराच्या भिंती असते का? अन् मिस्त्रीभाऊले विचार, एवढं सारं जीपीत बसते का म्हून."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"गाय नाही बसत," मी म्हणालो.

शामरावांना हसू आलं आणि त्यांनी ते दाबलं. दौलतराव उठले, चपला घातल्या आणि रस्त्याने बाजाराकडे चालू लागले. आम्हाला वाटलं गेले. मंदा स्टुलावर बसली आणि रडायला लागली. गोदाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "येतीन, येतीन. कुठी जातीन?" मी उगाच एक नळी इकडची तिकडे ठेवली.

ते परत आले तेव्हा हातात पोरीसाठी रसवंतीवरून आणलेला उसाचा रस होता. तिला दिला. ती पिईपर्यंत समोर उभे राहिले. मग माझ्याकडे हात पुढे केला, "आना खडू." गुडघ्यावर बसले, एका हाताने चासी धरली आणि दुसऱ्याने रेघ ओढली. एवढी वाकडी रेघ माझ्या दुकानात दुसऱ्या कोणी ओढली नव्हती. उठून म्हणाले, "कापा. मी नाही पाहत." आणि पोरीला बसवर बसवून द्यायला निघून गेले.

मी ती चासी सरळ कापली. त्यानंतरचे दिवस मी दुसरं काम हातात घेतलं नाही. डाल्याला साग वापरला, फळ्यांच्या मधल्या फटी बुजवल्या, आणि गाईचा पाय घसरू नये म्हणून तळाला आडव्या पट्ट्या मारल्या. त्या पट्ट्या कोणी सांगितलेल्या नव्हत्या. मृगाच्या आत गाडी बाहेर पडली. नाला कोरडा होता तोवर, खणून उतरती केलेल्या दरडीवरून, तिने पहिली खेप केली ती संत्र्याची नाही, माहेराची. सौंसरच्या त्या भाड्याच्या दोन खोल्यांसमोर फाळका उघडला आणि आतून बाज, शेगडी, गवऱ्यांची पोती, डबे, गोदाबाई आणि शेवटी वासरासकट गाय उतरली. शेजारच्या बाया पदर तोंडाशी लावून हसल्या, असं शामराव सांगत होते. दौलतरावांनी म्हणे अंगणात स्वतः खुंटा ठोकला.

श्रावणात शामरावांचा निरोप आला. पावसाळ्यात गाडी नाल्याच्या अलीकडे, रामाकोन्याच्या बाजूला, एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात ठेवलेली असे. तिच्या मागच्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, एक पाटा तुटला होता. मी पाटा आणि पाने-पक्कड घेऊन सकाळच्या बसने गेलो. आदल्या दिवसापासून पाऊस लागून राहिलेला होता. शामराव गाडीशी होते. दौलतराव गुरांच्या वैरणीसाठी आदल्या सकाळी पलीकडे गेले होते आणि तिकडेच अडकले होते. नाला मी पहिल्यांदा भरलेला पाहिला. तांबडं पाणी, त्यात झाडंच्या झाडं, आणि असा आवाज की शेजारच्या माणसालाही ओरडून सांगावं लागे. पलीकडच्या काठावर दौलतराव उभे होते. पहाटेपासून उभे आहेत, शामराव म्हणाले. पोरीचे दिवस भरले होते, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

मी पाटा बसवत होतो तेव्हा जावई सायकलवर आला, चिंब भिजलेला. सायकल टाकून तो शामरावांच्या गळ्यातच पडला. मग त्याने सांगितलं. मुलगी झाली. रात्रभर त्रास झाला, रक्त फार गेलं, डॉक्टरीणबाई जागच्या हलल्या नाहीत. आता धोका नाही म्हणाल्या. मंदाने सकाळी काकूच्या हातची पेज घेतली.

आम्ही तिघे काठावर धावलो आणि ओरडू लागलो. पलीकडे काही पोचत नव्हतं. दौलतरावांनी कानामागे हात धरला, मग तो हात खाली केला. जावयाला पाहून त्यांना एवढं कळलं होतं की निरोप आला आहे. कोणता, ते कळत नव्हतं. शामरावांनी दोन्ही हातांचा पाळणा करून हलवला. पलीकडचा माणूस हलला नाही. मग त्याने आपला हात डोक्यावरून पुढे ओढला, बाईने पदर घ्यावा तसा, आणि तो हात आमच्याकडे पसरून उभा राहिला. ती? तिचं काय?

जिवंत आहे, हे हाताने कसं सांगायचं? जावयाने दोन्ही हात वर केले, त्याचा अर्थ काहीही होऊ शकत होता. मी हात जोडणार होतो, पण ते तर मेलेल्यासाठीही जोडतात. तेवढ्यात शामराव चिखलात मांडी घालून बसले. पंगतीला बसावं तसे. डाव्या तळव्याची थाळी केली आणि उजव्या हाताने जेवू लागले. एक घास, दुसरा घास, तिसरा. भावाकडे पाहत, सावकाश, पोटभर जेवत राहिले. तोंडावरून पाऊस गळत होता.

पलीकडे दौलतराव हळूच खाली बसले. डोक्याचा दुपट्टा सोडून त्यांनी तोंडावर धरला. कितीतरी वेळ तसेच बसून होते. शामराव उठले नाहीत तोवर तेही उठले नाहीत.

मी त्या दिवशी परतलो नाही, रामाकोन्यालाच एकाकडे राहिलो. दुसऱ्या सकाळी पाणी मांडीवर आलं आणि गावच्या दोघांच्या खांद्यांना धरून दौलतराव अलीकडे आले. शामराव गाडी काढायला गोठ्याकडे गेले. आम्ही दोघेच काठावर उभे होतो. दौलतराव नाल्याकडे पाहत म्हणाले, "मिस्त्री, काल जीप गेली असती का याच्यातून?"

"नाही," मी म्हणालो. "काल कोनतीच गाडी गेली नसती." हे खरं होतं, आणि ते त्यांनीही पाहिलं होतं.

"अन् त्या साली?"

त्या सालचं पाणी मी पाहिलेलं नव्हतं. गावात त्याबद्दल दोन मतं होती. कोणी छातीभर सांगे, कोणी कमरेइतकं. कमरेइतकं असतं तर पंख्याचा पट्टा काढून, एका चालीत, न थांबता नेली असती, तर कदाचित.

"नसती गेली," मी म्हणालो.

ते माझ्याकडे वळले. "तुमी कुठी होते त्या साली?"

"मी नव्हतो इथं."

त्यांनी मान हलवली. गोठ्याकडून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. ते निघाले, दोन पावलं गेले आणि थांबले.

"तरी एक डाव अजून सांगा," ते म्हणाले.

"नसती गेली, दौलतभाऊ," मी सांगितलं.